कल्ला

चोडणहून फेरीबोट सुटली
की माझ्याकडे सात मिनिटं असतात.
स्कूटरचा डावा आरसा खाली वळवायचा,
कोपर हँडलला टेकवायचं
आणि इंजिनाची थरथर सांभाळत
ओठांची कड आखायची.
फेरीवर जिला काजळ घालता येतं
तिला कुठेही सरळ रेघ मारता येते.

आधी चार वर्षं कॅसिनोच्या बोटीवर होते.
तिथे नियम छापील : लाल, क्रमांक चौदा.
फिका पडला की रजिस्टरात शेरा.
लुर्दिन एकदा अंगात ताप घेऊन
कोऱ्या ओठांनी पत्ते वाटायला उभी राहिली,
तर सुपरवायझर म्हणाला,
टेबलच हरल्यासारखं दिसतंय.

आता पतसंस्थेत आहे, वसुली विभागात.
इथे छापील काही नाही.
इथे खांडेपारकर बाई चष्म्यावरून बघतात
आणि डबा उघडता उघडता विचारतात,
"आज कोणाचं लग्न गो?"
म्हणून आठवडाभर तशीच गेले.
मिनेझिस साहेबांनी बोलावून घेतलं :
बरं नसेल तर रजेचा अर्ज टाका.

मग मी वसुलीच्या डायरीत मागच्या पानावर
नोंद ठेवायला लागले.
सोमवार, लावून. धुरी ट्रॉलरवाला.
चहा, खुर्ची, पंखा माझ्याकडे वळवला. हप्ता शून्य.
मंगळवार, न लावता. तोच धुरी.
खुर्ची नाही. अर्धा हप्ता, तोही
"तुमच्या साहेबांना सांगा, मी दिला" म्हणत.
बुधवारी काय लावलं होतं ते लिहायचं राहिलं.
पूर्ण हप्ता.
या नोंदीतून काय काढायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या रुझारच्या शर्टावर
शुक्रवारच्या कढीचा डाग सोमवारी असतो.
त्याच्या गोपनीय अहवालात लिहिलंय : हिशेब पक्का.
माझी वसुली त्याच्या दीडपट.
माझ्या रकान्यात : हसतमुख, टापटीप.
टापटीप हा शब्द मी तीनदा वाचला.
त्याच्यावर व्याज किती धरायचं?

आई पणजीच्या बाजारात मासळी विकते.
पहाटे अबोलीचा वळेसर, रुपयाएवढं कुंकू,
हातभर हिरव्या बांगड्या.
बसण्याआधी टोपलीवर पाणी शिंपडते,
मग तेच ओले हात तोंडावरून फिरवते.
मासळीआधी मासळीवाली ताजी दिसूक जाय, म्हणते.
गिऱ्हाईक येतं, बांगडा उचलतं,
अंगठ्याने कल्ला उघडून बघतं
आत लाल आहे ना.
लाल असला तर भाव करायचा,
नसला तर नाक मुरडून पुढच्या टोपलीकडे.
कल्ल्यांना रंग फासणाऱ्याही आहेत बाजारात.
आईला ठाऊक आहे कोण. सांगत नाही.

एकदा मी विचारलं,
असं कोणीही येऊन उघडून बघतं,
तुला राग येत नाही?
ती खवले काढत होती. मान वर न करता म्हणाली,
"माशाक किदें, तो मेलाय.
जित्या शिंगाळ्याचा कल्ला उघडून बघ म्हणावं."
आणि सुरी पाण्यात बुडवून
पुढच्या माशाला लागली.

आज फेरीत गर्दी.
कोणाचा तरी धक्का लागला
आणि लिपस्टिकचं टोपण घरंगळत
मोटारीखालून, कठड्याखालून
सरळ मांडवीत.
वरचा ओठ झाला होता, खालचा राहिला होता.
मी तो लावणार होते की वरचा पुसणार होते
हे ठरवत होते
तोवर लोखंडी फळी धाडकन रायबंदरला टेकली.
मागून हॉर्न.

आरसा मी रस्त्याकडे वळवला.
धुरीचं घर तिसऱ्या वळणावर.
दोन हप्ते थकलेत.