कंचा आवाज?

कोपरखैरणे, सेक्टर सात, बैठ्या घरांची गल्ली.
सकाळचे सहा पन्नास. चावी फिरवली:
टिक्टिक्टिक्टिक्.
डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले.
मुलीचा पेपर आठला, नेरूळला.

शेजारचे मढवीकाका दात घासत बाहेर आले,
बोनेटवर तळहात ठेवला, म्हणाले,
"कंचा आवाज?"

येतोय ना आवाज, मी म्हटलं.
"तुला येतं. मना नाय. सांग."

एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर
धाग्याच्या कारखान्यात त्यांनी यंत्रं राखली.
यंत्रांनी कान ठेवून घेतले.
निरोपाला कंपनीनं घड्याळ दिलं,
गजराचं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.
"एकदाच कं सलग?"
सलग. पाल चुकचुकते तसं, पण घाईत.
"मंग स्टार्टर नाय. करंट पोचत नाय."

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी,
तोंडात धरवणार नाही असा चुना.
आधी काळी वायर सोडायची, मग लाल;
लावताना उलट.
गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा.
"फसफसतंय," मी ओरडून सांगितलं.
"ते दिसतं मना."
ब्रश त्यांच्याच तोंडातला. वरून व्हॅसलीनचं बोट.
गाडी लागली.

तोवर मला गाडीचे दोनच आवाज माहीत होते,
चालू आणि बंद.
मग मी गोळा करू लागले.
सकाळी पट्टा किंचाळतो:
पाण्याचे चार थेंब शिंपड,
क्षणभर गप्प झाला तर झिजलाय,
जास्तच चेकाळला तर सैल.
ब्रेकची चिरचिर वेगळी, करकर वेगळी;
चिरचिरीला महिना आहे, करकरीला आज.
पाम बीच रोडला साठच्या पुढे घूंऽऽ,
उजवीकडे वळताना वाढतं, डावीकडे विरतं.
"डाव्या चाकाचं बेअरिंग. हे घरी नाय जमायचं,
तुर्भ्याला जा."
एकदा म्हटलं, कसंतरीच वाजतंय,
तर पाना खाली ठेवून घरात निघून गेले.
कसंतरी हा आवाज नाही.

हॉर्नचा फ्यूज मात्र मी एकटीनं बदलला.
हॉर्न लागला आणि अडकला.
अख्खी गल्ली गॅलऱ्यांत, कुत्री सुद्धा,
आणि काका जळका फ्यूज उजेडाला धरून
आतली तुटलेली तार दाखवतायत मला,
अगदी शांतपणे.

आमच्या दोन घरांना भिंत एकच.
परवा ऑइलची पट्टी पुसता पुसता
मान वर न करता त्यांनी विचारलं,
"रातचा हिचा आवाज येतं कं तुला?
ती नाय म्हणतं. पन खाट थरथरतं,
मना कळतं.
कंचा आवाज?"

येतो.
साडेअकराला दिवा गेला की सुरू होतो.
बोंबलाचा भाव, सुनेचा न आलेला फोन,
गुडघा, नळाचं पाणी, विकलेली होडी,
आणि मध्येच त्यांचं नाव, हरिश्चंद्र,
जे दिवसा तिच्या तोंडी कधीच नसतं.

मी बोनेटवर हात ठेवला. कोमट होतं.
शब्द शोधला.
रडणं नव्हे. भांडण तर नव्हेच.
सिग्नलला उभ्या गाडीसारखा, मी म्हटलं,
न्यूट्रलमध्ये.

"खडखड?"
नाही.
"मधीच बंद पडतं?"
नाही. सलग.

पट्टी त्यांनी परत आत सारली,
पूर्ण, टेकेपर्यंत.
फडक्याला हात पुसले, एकेक बोट.
"मंग चालू दे," म्हणाले.
"चालतंय त्याला खोलायचं नाय."