पार्सल नाही

"पार्सल?"
हेडाऊनं विचारलं, गल्ल्यातून मान वर न काढता.
दोन बायका समोर उभ्या म्हणजे
हातात डबा, आणि घरी कोणीतरी वाट पाहणारं.
"बसून खातो बाप्पा," कौतिका म्हणाली.
मग त्यानं मान वर केली.

वर्धा रोडला, बुटीबोरीच्या अलीकडं,
एका अंगाला संत्र्यांची बाग,
दुसऱ्या अंगाला टायरचं दुकान,
मधे हे पत्र्याचं.
पाटीवर रंगवलेला कोंबडा, आणि तो हसतो.
त्याला काय झालं हसायला, कोण जाणे.

बाबा एसटीत कंडक्टर. बुधवारची शेवटची फेरी
इथं उतरून जायचे, घरी यायचे कशानं तरी,
रात्री साडेदहाला, कडीच्या डब्यात रस्सा घेऊन.
पीस नसायचा त्यात. पीस त्यांनी खाल्लेला असायचा.
आम्ही तिघं भावंडं भाकरी कुस्करून
तर्रीचे लाल थेंब वाटून घ्यायचो, मोजून.
मला वाटायचं, आत झुंबर असेल.

आत सनमायकाचे चार टेबल.
बियाणं कंपनीचं कॅलेंडर, मागच्या वर्षीचं.
बेसिनवर साबणाचा तुकडा, सुतळीनं बांधलेला,
जसा काही पळून जाणार आहे.
कोपऱ्यात वर्ध्याचे दोघं :
जिल्हा कोरडा, म्हणून इथवर ओले व्हायला आलेले.
त्यांनी आम्हाला पाहिलं
आणि आवाज जरा खाली घेतला.

"मोहाची फुलं आली का रे?" कौतिकानं पोराला विचारलं,
जानेवारीत.
पोरानं हेडाऊकडं पाहिलं, हेडाऊनं माझ्याकडं,
माझ्या चष्म्याकडं, पर्सकडं.
बत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं आहे,
दारू म्हणजे संसाराची होळी,
सुवाच्य अक्षरात, दोन रेघांच्या मधे.
ते त्याला दिसलं असावं.
तरी फ्रिजमागून कॅन आला.

स्टीलच्या पेल्यात पाण्यासारखी.
वास आधी येतो : उन्हात वाळत घातलेलं काहीतरी,
आजूबाजूला माश्या, जरासं जळकं.
मग घशात कोणी तरी काडी ओढतं.
"हळू," कौतिका म्हणाली, "सरबत नाई ते."

मग ताट. मटण, भाकरी, कांदा, लिंबाची फोड.
रस्सा काळा, वर जवसाच्या तेलाचा तवंग,
तवंगात डोक्यावरचा बल्ब.
पहिला घास साधा वाटला.
दुसऱ्याला कानामागं घाम.
चौथ्याला नाक, डोळे, सगळं सुटलं,
पदर सापडेना, चष्मा ताटात.
"रडून घे," कौतिका म्हणाली, स्वतःचे डोळे पुसत,
"इथं कोणी नाई इचारत. सगळेच रडतात."

मी वर्ध्याच्या दोघांकडं पाहिलं.
खरंच, गालावरून ओघळ,
आणि ते गव्हाच्या भावाबद्दल बोलत होते.

दिनू आमच्यातला धाकटा. गोरेवाड्याच्या तलावात गेला,
सातवीत होता.
बाबा सरणापाशी रडले नाहीत, तेराव्याला नाहीत,
तिकिटं फाडत राहिले.
बुधवारी मात्र डोळे लाल करून यायचे
आणि आई म्हणायची, पिऊन आला मेला.
डब्यातला रस्सा दोघांत वाटायचा तेव्हा,
जास्त यायचा.

हे मी कौतिकाला सांगितलं नाही.
नळीतला गर तेवढा ओढला, जोरात, आवाज करून,
घरी कधी करू दिला नसता तसा.
अजून एक भाकरी मागितली.

बिल दोघींचं सहाशे वीस.
फुलांचे पैसे त्यात लिहिलेले नव्हते, ते वेगळे दिले.
"पार्सल?" हेडाऊनं पुन्हा विचारलं, सवयीनं,
आणि जीभ चावली.

परतीच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट.
कंडक्टर पोरगी, विशीची, खाकीत,
पैसे घेता घेता थांबली, माझ्या बोटांचा वास घेत.
"कुठचं जी?"
मी पत्ता दिला, नीट, धडा सांगावा तसा :
टायरच्या दुकानाशेजारी, कोंबडा हसतो तिथं.
बसून खा म्हटलं, बाई.
डबा नेऊ नको.