लवंदे मास्तरांची भिंत

कायतान म्हणाला होता, दिवाळी झाली की येतो.
कोणती दिवाळी, ते मी विचारायला हवं होतं.
आता तो काणकोणला कुणाचं तरी हॉटेल बांधतोय,
फोन उचलतो, "येतां बाय, येतां" म्हणतो
आणि मागे मिक्सर फिरत राहतो.

म्हणून काल शुक्रवारी, म्हापशाच्या बाजारात,
सुके बांगडे पिशवीत टाकून झाल्यावर
मी शिरसाटांच्या दुकानात शिरले.
भिंतीला फळी लावायची आहे, म्हटलं.
"लावणार कोण?" त्यांनी माझ्या मागे पाहिलं.
मागे पाववाला होता, सायकलवर.
तो नाही, मी.
शिरसाटांनी चष्मा पुसला.
सहा नंबरचं बिट, बारा गिट्ट्या, बारा स्क्रू,
आणि न मागितलेली जखमेची पट्टी,
बिलात न धरता.

रोहिदास बोटीवर.
अख्ख्या जहाजाचं इंजिन त्याचं ऐकतं.
व्हिडिओवर तो मला ड्रिल धरायला शिकवत होता
तेवढ्यात चित्र गोठलं:
तोंड उघडं, बोट वर.
"वर" म्हणाला असेल.
किंवा "नको".

ओळंबा नव्हता घरात.
दोऱ्याला जुनी किल्ली बांधून सोडली
तेव्हा कळलं की या घरात सरळ फक्त तो दोराच आहे.
भिंत पोट काढून उभी,
कोपरा गुण्याला जुमानत नाही,
आणि दाराची चौकट
लग्नाच्या फोटोतल्या रुसलेल्या मामासारखी
एका अंगाला कललेली.

चिरा म्हणजे दगड, असं मी समजत होते.
चिरा म्हणजे माती,
जिला कुणीतरी दगड व्हायचं पटवलंय
आणि ती अजून विचार करतेय.
लाल भुकटी ओट्यावर, भुवयांत, भिजत घातलेल्या वाटाण्यांत.
पेन्सिलच्या टोकाएवढं भोक
सुपारीएवढं झालं, मग लिंबाएवढं.
मी यंत्र बंद केलं
तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

बोट घातलं. आत काहीतरी मऊ.
चिमट्याने ओढलं तर आगकाड्यांची जुडी,
दोऱ्याने आवळलेली, वर मेणबत्तीचं मेण,
आणि तिच्यामागे कोंबलेला वहीचा कागद.
इयत्ता सहावी, भूमिती, दहापैकी चार.
लाल शाईत शेरा: माप घेताना घाई.

घर घेतलं तेव्हा मास्तरांचा मुलगा म्हणाला होता,
"बाबा सगळं स्वतःच करायचे",
आणि हसला होता.
आम्हाला ते कौतुक वाटलं.
तिसरी पायरी उंच का,
न्हाणीघराचा दिवा लावला की
स्वयंपाकघरातला पंखा का फिरतो,
खिडकीच्या कडीला सायकलची तार का,
सगळं आज उलगडलं, भुकटीत बसून.
माझी खूण आणि त्यांचं भोक, जागा एकच.
फळी त्यांनाही इथेच हवी होती,
हात वर केला की जिथे पोचतो तिथे.
माझ्याच उंचीचे असणार मास्तर.

शिरसाटांना फोन केला.
"लाकडाची खुंटी ठोका. फणसाची. आंब्याची नको, कुजते."
नारळाच्या कोयत्याने खुंटी तासली,
पट्टी कामाला आली,
दोन पट्ट्या असत्या तर बरं झालं असतं.

सातला फळी चढली.
पाणसळीतला बुडबुडा मधे यायला तयार नाही.
मीठ ठेवलं, हळद ठेवली, राहिली.
आमसुलांची बरणी मात्र
हळूहळू कडेकडे निघाली,
मी बघत असताना, अगदी शांतपणे.
तिच्यापुढे आगकाड्यांची जुडी लावली.
थांबली.

रोहिदासचा फोन आला. फळी दाखवली.
चित्र पुन्हा गोठलं, भुवया वर गेलेल्या.
मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला
आणि पसारा आवरायला लागले.
तीन गिट्ट्या भिंतीत, नऊ उरल्यात.
न्हाणीघराचं दार
सकाळपासून माझी नजर टाळतंय.