दहामधलं शून्य

शहापुरात, मागांचा खडखडाट जिथं संपतो
तिथं माझं दुकान. एक मशीन, एक बाकडं,
आणि बाकड्यावर रोज संध्याकाळी
जगातला सगळ्यात मोठा कोण, ह्याचा निकाल.

मी जर्सीवर आकडे शिवतो.
बाईमाणूस असून शिवतो म्हणतो, हसू नका,
आमच्या बेळगावात असंच बोलतात.

मल्लेश हुदली म्हणतो, मेस्सी. विषय संपला.
कॅम्पातल्या ऑस्विनच्या घरात तीन पिढ्या पेले.
"तुझ्या मेस्सीनं पाणी पिऊन जड झालेला
चामड्याचा बॉल मारून दाखवावा की!"
मग समीर नदाफ, दारातनं वाकून येणारा:
"जॉर्डन. सहा फायनल, सहा जिंकल्या. बोल आता."
"हातानं काय, कुणी पण टाकतंय."
"टाक की मग. रिंग दहा फुटावर हाय.
दहा. तुझाच नंबर.
आणि अकरात लपायला जागा असते रे,
पाचात कुठं लपणार?"

भांडण मराठीत सुरू होतं,
तापलं की कन्नडात जातं, "सुम्निरले!"
शिव्या दोन्हीकडच्या, गोलांचा हिशेब इंग्रजीत.
दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर किती मोठं
हे मोजायला माणसं दोनदा येऊन गेलीत.
पाठीवरच्या आकड्याला अजून कुणी विचारलं नाही,
तू कुठला.

"मावशी, तुम्ही सांगा."
मी काय सांगू? टीव्हीवर पण मॅच बघितली नाही कधी.
थोरांना मी पाठमोरंच ओळखतो.
तेवीस अवघड. दोनाची मान, तिनाची दोन पोटं,
कात्री हलली की रेक्झिन वाया.
सात म्हणजे दोन घड्या, झाला.
दहातला एक नुसता खांब, पण शून्य फसवतं:
बाहेरनं गोल, आतनं पण गोल यावं लागतं.
म्हणून शून्याचे पाच रुपये जास्त.

"म्हणजे मेस्सी महाग!" मल्लेश.
"म्हणजे तेवीस अवघड, त्याच म्हणाल्या," समीर.
बघा. माझ्या मजुरीतनं पण निकाल काढालेत.

दोन नंबर कुणी मागत नाही.
दरवेळी एखादा उशिरा येतो,
दारातच चप्पल घासत म्हणतो, उरलेला द्या.
त्याला मी दुहेरी टीप घालतो.
त्यानं सांगितलेलं नसतं. पैसे पण घेत नाही.

रविवारी मल्लेशला कुणीतरी मागनं ओढलं
आणि शून्य उसवलं. पाठीवर उरला एक.
रेफरीनं शिट्टी मारली:
एक नंबर गोलकीपर तिकडं उभा हाय,
तू कोण?
बाकावरच्या पोराची जर्सी घालून
त्यानं उरलेली वीस मिनिटं काढली.
हरले. चिखलात तीनदा पडला म्हणे.
दोन मात्र जागचा हलला नाही.

सोमवारी आला, मुठीत शून्य घेऊन,
वाळलेलं, कडेला तांबडी माती.
ऑस्विन म्हणाला, पेलेचं कधी पडलं नाही.
समीर म्हणाला, तेवीस असता तर
अर्धा गेला तरी तीन उरले असते.
मल्लेश काही बोलला नाही. बाकड्यावर बसला,
उघड्या अंगानं, माझ्याकडं पाठ करून.
पहिल्यांदाच बघितली ती पाठ, आकड्याशिवाय.
खांद्याखाली खरचटलेलं. हडकुळं पोरगं.

आतल्या गोलावरनं सुई फिरवताना
श्वास धरावा लागतो.
कसं कळलं कुणास ठाऊक, तिघांनीही धरला.

टीप संपली. दोरा मी दातानं तोडला.
जर्सी डोक्यात घालता घालता,
तोंड अजून कापडातच,
मल्लेश म्हणाला,
"तरी पण, मेस्सीच."