हातचा एक

दोन वेळा घ्यायच्या आणि वजाबाकी करायची,
एवढंच तर काम होतं.

कुंभारजुव्याच्या खाडीवर, मानशीच्या खांबाला
मी एक पाणीमापक बांधला होता,
लोणच्याच्या बरणीत बंद केलेला.
भरती लागली की एक नोंद, ओसरली की दुसरी.
नोंद म्हणजे दोन आकडे: सेकंद,
आणि पुढच्या सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले
तर त्यातले उलटले किती.

वजा करताना तुकडे कमी पडले
तर शेजारच्या घरातून एक सेकंद उसना आणायचा,
फोडायचा, शंभर कोटी सुटे मोजून घ्यायचे.
फोंड्याच्या शाळेत कुर्पासकर बाई
फळ्यावर हेच करायच्या, दशकाच्या डोक्यावर काट मारून.
"हातचा विसरलास तर बाजारात फसशील."

मी विसरलो नव्हतो. विसरला होता तो,
ज्याच्याकडून मी ती ओळ उचलली,
आणि त्याने कुणाकडून उचलली हे त्यालाही ठाऊक नसावं.
एका पहाटे यंत्र म्हणालं,
लाटेला चढायला
उणे चाळीस कोटी तुकडे लागले.

मग शोधायला बसलो.
त्या एका प्रणालीत ही वजाबाकी सहा ठिकाणी निघाली.
सहा जणांनी आपापल्या अंगणात खणलेल्या विहिरी,
चारांचं पाणी गोड, एक मचूळ, एक माझी.
आणि सातवी, सर्वांत जुनी, चिरेबंदी,
कर्नलच्या आत.
हेडर फाइल तीच, आम्ही रोज उघडतो ती.
फक्त मॅक्रोंच्या आधी एक अट:
तू कर्नल असशील तर वाच,
नसशील तर पुढचं काही लिहिलेलंच नाही.

गुपित नव्हतं. वजाबाकीत कसलं गुपित?
कोणीतरी एकदा कडी लावली
आणि बहुधा जेवायला गेला.

अट संपते ती ओळ मी अकरा ओळी वर सरकवली.

तपासणारी बाई दूर कुठल्या थंड देशातली.
तिने लिहिलं: आतला मॅक्रो दोन भांड्यांचा आहे,
पहिल्यातून दुसरं काढतो आणि उत्तर पहिल्यातच ओततो.
बाहेरच्यांना तीन भांड्यांची सवय,
दोन मापाची, एक उत्तराचं.
नाव एकच, रीत वेगळी.
दार उघडल्यावर किती घरं मोडतील, मोजलंस?

नव्हती मोजली.
मोजली तेव्हा आतच एकशे एकतीस जागा निघाल्या.
प्रत्येक जागी तिसरं भांडं मांडत गेलो,
रात्री, कामावरून आल्यावर, महिनाभर.
बायको म्हणाली, पगार मिळतो का याचा?
मी म्हटलं, उसना मिळतो.

त्या महिन्यात खिडकीतून मिंगेलचा कंदील दिसायचा.
मानस त्याच्याकडे, यंदाच्या लिलावातली.
ओहोटीला दारं आपोआप उघडतात, भरतीला मिटतात,
खाजनात खारं शिरू नये म्हणून.
पण दोन्हींच्या मधे एक घटका असते,
पाणी कुणाचंच नसतं तेव्हा,
आणि तो जाळं लावतो.
घड्याळ बांधत नाही. माझ्या यंत्राआधी उठतो.

बदल स्वीकारला गेला त्या पहाटे मी बांधावर गेलो.
"कितें करतालो रे रातभर?" त्याने विचारलं.
सांगितलं: एक ओळ होती खाली, ती वर केली.
त्याने मान हलवली,
फळी वर करणाऱ्याला त्यात नवल नव्हतं.
पिशवीत चार काळुंदरं टाकली, पाचवं परत काढलं.

सहापैकी पाच विहिरी बुजवल्या.
मचूळ होती ती मात्र प्रणालीबाहेरही गेली होती,
कुणीतरी घागर भरून नेली होती कधीचीच.
कुठल्या यंत्रात ती अजून चालते, ठाऊक नाही.
परवा फेरीबोटीच्या धक्क्यावर
तिकिटाच्या डब्यावर आकडा उमटला:
पुढची बोट, उणे एक मिनिट.
लोक निमूट उभे होते.
मीही उभा राहिलो.