एक मीटर अठ्ठ्याहत्तर

आमच्या पाणंदीची रुंदी एक मीटर अठ्ठ्याहत्तर.
दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे,
उजवा बिर्जेंचा, डावा आमचा,
आणि वळणावर कुणाचंच नसलेलं करवंदीचं जाळं.
मीच मोजली. टेप सरकारी, वेळ रविवारची.

धाकटा दीर म्हणत होता, वहिनी, उंच घ्या,
मोठी घ्या, रस्त्यावर वट राहते.
त्याने दाखवलेलीचं माप पुस्तिकेत बघितलं:
एक मीटर एकोणऐंशी.
म्हटलं, एक सेंटिमीटर जास्त होते.
तो हसला.
बावीस वर्षं भूमी अभिलेखात आहे मी.
एका सेंटिमीटरपायी सख्ख्या भावांना
कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना बघितलंय.

चिपळूणच्या शोरूममध्ये टायवाल्या मुलाने
गाणी लावून दाखवली,
मागचं दाखवणारा कॅमेरा दाखवला.
मी विचारलं, क्लच प्लेट केवढ्याला पडते?
तो विचारायला आत गेला
आणि कॉफी घेऊन आला.

माझं रोजचं असं:
सकाळची फेरीबोट, दाभोळहून धोपावे,
मग चढ, मग वळणं, गुहागर.
संध्याकाळी तेच, उलटं.
स्कूटरवर अकरा पावसाळे काढले.
नकाशे पिशवीत, पिशवी रेनकोटात, रेनकोटात मी,
तरी गट नंबर तीनशे चारची हद्द
एकदा विरघळलीच.

बशीर परकार मेकॅनिक म्हणाला,
रंग काय, सगळेच बघतात.
खारी हवा खालनं खाते, ताई.
मग तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला
आणि पान्याने पत्रा वाजवत गेला,
डॉक्टर छाती वाजवतो तसा.
पहिली धप्प वाजली.
दुसरी धप्प. तिसरीचा तर तुकडाच
त्याच्या दाढीत पडला.

चौथी वेळणेश्वरला.
मालक बिवलकर, निवृत्त पोस्टमास्तर,
गाडी मांडवात, अंगावर जुनी सोलापुरी चादर.
ठण्ण, म्हणाली गाडी.
ठण्ण, पुन्हा, मागच्या चाकापाशी.
बशीर बाहेर आला तो काही बोलला नाही,
नुसता हात पुसत राहिला. मी समजले.

बिवलकरांनी हातात वही दिली.
सुवाच्य, तिरपं, टपाली अक्षर:
१४ मार्च. पाच लिटर. शहाण्णव किलोमीटर.
तवसाळला पंक्चर, स्वतः काढलं.
आंब्याच्या चार पेट्या, मागची सीट पाडून.
हिला दाखवायला चिपळूण. येताना दोघं गप्प.
हिला दाखवायला चिपळूण.
चिपळूण.
मग पुढे नुसतं पेट्रोल, तेही महिन्या-दीड महिन्याने,
आणि शेवटच्या पानावर:
डाव्या डोळ्याला आता दिसत नाही. बास.

मी एक लाख पाच म्हटलं.
ते एक लाख पंधरावर अडून बसले,
पोस्टात वजनकाट्यावर बसल्यासारखे.
एक दहाला तुटलं.
ते बोटं मोडत म्हणाले,
स्टेपनी, जॅक, वही. मोजून घ्या.

काल धोपाव्याला पोचले तेव्हा
बोटीवरच्या पोराने हात आडवा केलेला,
फुल्ल, फुल्ल, पुढची.
मग त्याने गाडीकडे बघितलं,
बर्फाच्या ट्रकामागची फट बघितली,
आणि हात उभा झाला: या, या, सरळ घ्या, मावतेय.

मावली. पण दार उघडेना,
म्हणून आतच बसून राहिले,
काच खाली करून, वही मांडीवर.
आठ लिटर, लिहिलं. एकशे एकेचाळीस.
माझं अक्षर त्यांच्यापुढे गबाळं दिसतं.
ट्रकातून मासळीचं पाणी
थेंब थेंब बॉनेटवर पडत होतं,
खारट, बर्फासकट.
घरी गेल्या गेल्या धुवायला हवी,
आधी खालून.