चूळ भरायची नाही

इप्सविचला पाणी जड.
केटलीच्या बुडाशी पांढरी खपली धरते,
आणि तसलीच एक माझ्या खालच्या दातांच्या पाठीमागे,
जिथे आरसा पोचत नाही,
जीभ मात्र दिवसातून शंभरदा जाऊन येते.

ग्वेनने आकडीने खरवडलं. अर्धा तास.
बिल बासष्ट पौंड,
म्हणजे केअर होममधली माझी पाच तासांची उठबस.
नळी निघाल्यावर मी विचारलं, "पाण्यामुळे का हो?"
"छे. तुमच्याच लाळेतला चुना तो, मिसेस पॅडवल."
पडवळ म्हणायला तिची जीभ वळत नाही,
आणि मी उगाच तीन वर्षं
नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या.

एकदा दगड झाला, म्हणाली, की पेस्टने निघत नाही.
पेस्ट फक्त पुढचा धरू देत नाही.
ट्यूबवर जस्त आहे का बघा,
फ्लोराइड चौदाशे पन्नास,
दोन मिनिटं घासा, थुंका,
आणि चूळ भरू नका.

चूळ भरायची नाही!
आमच्या मोरीत खळखळ ऐकू आल्याशिवाय
आई चहाचा कप पुढे सरकवत नसे.
एवढा फेस तोंडात घेऊन माणसाने चहा प्यायचा?
अर्धा तास थांबायचं, म्हणाली ग्वेन. चहाला.

दुकानात अख्खी भिंत दातांची.
आर्क्टिक पुदिना, हिमालयातलं मीठ,
रात्रीची वेगळी, सकाळची वेगळी,
शुभ्र, अतिशुभ्र, त्याच्याही पलीकडची शुभ्र.
एक काळी ट्यूब, कोळशाची, सात पौंड.
मी एवढ्या मोठ्याने हसले
की फडताळं लावणारा पोरगा वळून बघू लागला.
बाबा रे, आमच्याकडे चुलीतून फुकट निघायचा,
आणि हिरड्या सोलायचा तोही फुकटच.

चष्मा घरी. म्हणून ट्यूबच्या पाठीचे फोटो काढले,
बोटांनी ताणून मोठे केले,
एकेक अक्षर लावत गेले, पोथी लावावी तसं.
झिंक सायट्रेट सापडलं तळाच्या फळीवर,
एक पौंड पंच्याऐंशी,
खोक्यावर हसणारी बाई नाही, काही नाही.
दोन घेतल्या.

पहाटे साडेपाचला नंदाचा फोन, तोंडात फेस.
थुंकले. चूळ नाही भरली. बोलले.
आणि बोलता बोलता लक्षात आलं
की न म्हणताना, द म्हणताना
जीभ दाताला जाऊन टेकते,
तिकडच्या धाकट्या बहिणीच्या नावापुरती.
इंग्रजीत दिवसभर ती वर कुठेतरी टाळूला टकटक करत असते,
दातांच्या वाटेला सहसा जात नाही.
मला वाटलं, सापडलं! म्हणून कीटण धरतं,
अंगण झाडलं नाही तर शेवाळ धरतं तसं.
पण टेकते ती वरच्या दातांना,
आणि माझं कीटण खालच्यांना.
सिद्धांत तिथेच बसला.
नंदा म्हणाली, "काय बडबडतेस गं पुदिन्यासारखी?"

सात वाजता मिस्टर पेटिट. वय एक्क्याण्णव, स्वतःचे दात सात.
दुसरी ट्यूब त्यांच्यासाठी, माझ्या खिशातून, कुणाला सांगू नका.
ब्रशवर वाटाण्याएवढी.
एकेका दाताशी ब्रश थांबवत गेले,
मागच्या बाजूला जास्त वेळ,
तिथे दगड कधीचाच आहे, तो निघायचा नाही,
त्यावर नवा चढू नये एवढंच.
बेसिनमध्ये थुंकले, आणि सवयीने
त्यांचा हात पेल्याकडे गेला.
"नको," मी म्हटलं. तोंडातून तसंच निघालं.
हात थांबला. मान वळली.
"नॉको?" म्हणाले.
"नको. न. जीभ दाताला."
सातातल्या एका दाताला त्यांनी ती लावून पाहिली,
फेस हनुवटीवर आला,
आणि पेला राहिला तिथेच.